जिरली!

दुपारी फोनवर कुणीतरी खबर दिली, आमच्या ओळखीतल्या एका सर्वज्ञ गृहस्थांचे आकडे भर बैठकीत एका नवख्या पोरीनं खोडून काढले. मी 'अरेरे' म्हटलं. शेवटचा 'रे' जरा जास्तच लांबला असावा, कारण पलीकडून लगेच आलं, "हसतेयस ना?"

याला आसुरी आनंद म्हणतात. हा शब्द माणसं स्वतःला अगदी चवीनं लावतात: "काय आसुरी आनंद झाला म्हणून सांगू!" विघ्नसंतोषी मात्र कायम दुसरा कुणीतरी. तशी स्वतःची ओळख करून देणारा अजून भेटायचाय. शिवाय त्या शब्दाचं आपण वाटोळं केलंय. दुसऱ्यावर विघ्न आलं की ज्याला संतोष होतो तो, एवढाच त्याचा गुन्हा. भाषणांत आणि बातम्यांत मात्र विघ्न आणणाऱ्यालाच विघ्नसंतोषी ठरवतात. भर्तृहरीनं स्वार्थासाठी परहित मोडणाऱ्यांना 'मानुषराक्षस' म्हटलं, आणि विनाकारण मोडणाऱ्यांपाशी येऊन हात टेकले: 'ते के न जानीमहे', ते कोण, आम्हाला ठाऊक नाही. आपल्यासारख्या नुसत्या बघ्यांना तर त्याच्या यादीत जागाच नाही.

माझा लाडका शब्द 'जिरली'. शाळेत आमची मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, पुन्हा बोललं की पुढे फुली. एकदा बाईंनी तिलाच तिचं नाव लिहायला लावलं. तिनं लिहिलं, त्याच वळणदार अक्षरात. वर्गात हूं नाही की चूं नाही. फक्त बाकांखाली अंगठे हलत होते. टुकटुक! मधल्या सुट्टीत एकच गजर: कशी जिरली!

काय जिरली, ते कुणी विचारत नाही. मस्ती, गुर्मी, घमेंड, रग, खुमखुमी, हवं ते धरा. सगळी स्त्रीलिंगीच, व्याकरणाची तक्रार नाही. (माज पुल्लिंगी, तो बहुधा उतरतो.) पण जिरण्याजोगं काहीतरी अंगात होतंच, हे त्या एका क्रियापदानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. निकाल लागला, आपण हसायला मोकळे. 'बरं झालं' म्हणतानाही हेच करतो आपण.

त्या मॉनिटरच्या अंगात खरंच गुर्मी होती का, ते आज आठवून पाहिलं. काही आठवत नाही. अक्षर चांगलं होतं, एवढंच.