रेडिएटर थंड का? बॉयलरच्या आधी व्हॉल्व्ह तपासा

गरम पाण्याने घर तापवणाऱ्या हीटिंगमध्ये एखादाच रेडिएटर थंड पडला की पहिला संशय पाणी तापवणाऱ्या बॉयलरवर जातो. पण बाकीचे रेडिएटर नीट तापत असतील तर बॉयलर आणि पंप त्यांचं काम करताहेत. हीटिंग चालू करून पंधरा-वीस मिनिटांनी त्या रेडिएटरवर हात फिरवा. वरचा भाग गार, खालचा गरम असेल तर आत हवा अडकली आहे. ती ब्लीड स्क्रूतून, म्हणजे रेडिएटरच्या वरच्या कडेच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूतून सोडा. तळाशी मधोमध गार असेल तर गाळ साचलाय. या दोन्हींत व्हॉल्व्हचा दोष नाही. रेडिएटर पूर्ण गार आणि खालून येणारा पाईप व्हॉल्व्हपर्यंत गरम असेल तरच व्हॉल्व्हकडे वळायचं. त्यातही दुसऱ्या टोकाचा, प्लास्टिकच्या टोपीखालचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (प्रवाह एकदाच जुळवून ठेवायचा) कुणी बंद करून ठेवला नाही ना, हे आधी बघा.

खोलीच्या तापमानानुसार रेडिएटरचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या आकडे असलेल्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोली तापली की ती फुगते आणि खालची बारीक पिन आत दाबते, म्हणजे पाण्याची वाट बंद. खोली गार झाली की डबी आकसते, पण पिन वर आणायचं काम डोक्याचं नाही, आतल्या स्प्रिंगचं आहे. उन्हाळाभर डोकं बंदवर राहिलं तर पिन महिनोन्महिने दाबलेली राहते आणि तिथेच चिकटते. थंडीच्या पहिल्याच आठवड्यात ही तक्रार येते ती त्यामुळे. उन्हाळ्यात ही डोकी पूर्ण उघडी ठेवावीत.

डोकं सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवा, खालची रिंग सोडवा आणि ते काढून घ्या. पिनवर पान्याची सपाट बाजू टेकवून दाबा. पिन दोन-तीन मिमी आत जाऊन स्वतःहून उसळून वर आली पाहिजे. आली नाही तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाका, व्हॉल्व्हच्या पितळी अंगावर बाजूने हलकेच ठोका आणि पिन पुन्हापुन्हा दाबा. पकडीत धरून ती ओढू मात्र नका. काही व्हॉल्व्हमध्ये पिन उपसून हातात येते आणि मागोमाग गरम पाण्याची धार लागते. पिन मोकळी आहे आणि डोकं काढल्यावर रेडिएटर तापतोय, तर दोष डोक्यात आहे. तेवढंच बदला, पाणी उपसायची गरज नाही. नवं डोकं घेताना आटे जुळतात का ते पाहा. बऱ्याच व्हॉल्व्हना ३० मिमी व्यासाचे, १.५ मिमी अंतराचे आटे असतात.

एका भागातले सगळेच रेडिएटर थंड असतील तर मोटरवर चालणारा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे त्या भागाचं पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह बघा. त्याच्या बाजूला हाताने ढकलायचा छोटा खटका असतो. व्हॉल्व्ह बंद असताना खटका ताठ लागतो, मोटरने उघडला की सैल पडतो. थर्मोस्टॅट उष्णता मागतोय आणि खटका अजून ताठ आहे, याचा अर्थ मोटरला वीज पोचत नाही किंवा मोटर गेली आहे. उलट, थर्मोस्टॅट बंद करूनही बॉयलर चालूच राहिला तर झोन व्हॉल्व्हच्या डोक्यातला, बॉयलरला चालू व्हायला सांगणारा छोटा स्विच अडकल्याची शक्यता मोठी. मोटर बंद असतानाही या स्विचच्या वायरीत वीज असू शकते, म्हणून झाकण उघडण्याआधी हीटिंगचा मुख्य स्विच बंद करून टेस्टरने खात्री करा. बहुतेक नव्या मॉडेलांत डोकं वेगळं निघतं; खालचा दांडा बोटांनी सहज फिरला तर पितळी भाग शाबूत आहे.

दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणाऱ्या सुरक्षा व्हॉल्व्हच्या बाबतीत लोक हमखास फसतात. बंद प्रणालीत तो सहसा ३ बारला उघडतो. बाहेरच्या नळीतून थेंब पडतात म्हणून तो बदलला जातो आणि थोड्याच दिवसांत नवाही गळू लागतो. खरा दोष बहुधा एक्स्पान्शन टाकीत, म्हणजे फुगणारं पाणी सामावून घेणाऱ्या हवा भरलेल्या टाकीत असतो. तिच्यातली हवा गेली की तापलेल्या पाण्याला फुगायला जागा उरत नाही. प्रणाली गार असताना दाबमापकाचा काटा १ ते १.५ बारवर असतो आणि तापली की थेट ३ कडे धावतो, हीच त्याची खूण. टाकीच्या हवेच्या तोंडाची सुई दाबल्यावर पाणी आलं तर आतला पडदा फाटला आहे. अशा वेळी टाकी बदलावीच लागते आणि एकदा उघडून कचरा अडकलेला सुरक्षा व्हॉल्व्हही. गॅस बॉयलरच्या आवरणाआतलं काम मात्र परवानाधारक माणसावरच सोपवा.

रेडिएटरचा व्हॉल्व्ह अख्खा बदलायचाच असेल तर हीटिंग बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या. पाणी भरणारी जोडणी बंद करा, सर्वांत खालच्या निचरा नळाला नळी लावा आणि पाणी वाहू लागलं की वरच्या मजल्यापासून ब्लीड स्क्रू उघडा. नट सोडवताना एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला तर पाईप पिळवटतो. खाली बादली आणि जुनी चादर हवीच, कारण उरलेलं काळं पाणी गालिच्यातून निघत नाही.

रेडिएटरमध्ये बसणाऱ्या तुकड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा-पंधरा वेढे घड्याळाच्या दिशेने घट्ट गुंडाळा. पाईपवरच्या नटाच्या आट्यांना टेप नको. तिथे पाणी अडवते ती नटाखाली पाईपवर चेपून बसणारी पितळी रिंग, आटे नव्हे. तो नट हाताने बसेल तेवढा बसवा, मग पान्याने पाऊण ते एक फेरा द्या. जास्त आवळला तर रिंग प्रमाणाबाहेर चेपते आणि गळती तिथूनच सुरू होते. व्हॉल्व्हच्या अंगावर बाण असेल तर प्रवाहाची दिशा पाळा. उलटा बसला की पाईपात ठोके ऐकू येतात.

मग निचरा नळ आणि सगळे ब्लीड स्क्रू बंद करून १ ते १.५ बारपर्यंत पाणी भरा, खालच्या मजल्यापासून हवा काढत वर जा आणि दाब घटला तर पुन्हा भरा. उपसलेल्या पाण्याबरोबर गंजरोधक द्रवही गेलेला असतो, तो डब्यावरच्या प्रमाणात परत घाला. प्रत्येक सांध्याला कोरडा कागदी रुमाल लावून बघा. प्रणाली पूर्ण तापल्यावर एकदा आणि पुन्हा गार झाल्यावर एकदा तीच तपासणी करा, कारण गरम असताना कोरडा वाटलेला सांधा गार होऊन आकसला की झिरपू शकतो.