जीसीसीनं सगळं होतंय, मग कर्नेल क्लँगनं का बनवायचं?

लिनक्सचं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९१ पासून जीसीसी या कंपायलरच्याच (लिहिलेल्या कोडचा मशीनला कळणारा कोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्याच) अंगाखांद्यावर वाढलंय. नुसतं त्यानं कंपाइल होतं एवढंच नाही, जीसीसीनं सी भाषेत स्वतःच्या ज्या जास्तीच्या सोयी घातल्यात त्या कर्नेलवाल्यांनी अगदी हक्कानं वापरल्या, म्हणजे आपण म्हणायचो लिनक्स सीमधे लिहिलंय पण खरं तर ते जीसीसीच्या सीमधे लिहिलेलं होतं. क्लँगसारखा दुसरा कुठला कंपायलर पुढे केला की गाडी अडलीच.

माझा भाचा इथे इंदूरलाच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, लोकमान्य नगरला आमच्याकडे आला की लॅपटॉप उघडूनच बसतो. त्यानं मला सरळ विचारलं, "मामा, जीसीसीनं नीट बनतंय की सगळं, मग तेच परत क्लँगनं कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याला जे तोंडी सांगितलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण कॉलेजातली बाकीची पोरंही हेच विचारतात.

लोकांना वाटतं क्लँग म्हणजे कर्नेल जास्त फास्ट. त्यासाठी करत असाल तर राहू द्या, रोजच्या वापरात तुम्हाला फरक कळणार नाही. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. सियागंजातल्या एखाद्या पेढीची वही वर्षानुवर्षं एकच मुनीम बघत असला तर त्याच्या सवयीच्या चुका त्याला दिसत नाहीत, दुसऱ्याच्या हातात वही दिली की तो पहिल्याच पानावर बोट ठेवतो. क्लँगनं कर्नेलसाठी हेच केलंय आणि ते कागदावर नाही, प्रत्यक्ष कोडमधे दिसतं.

कर्नेलमधला क्रिप्टोचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, भाग घ्या. तिथे एका स्ट्रक्टच्या (सीमधे वेगवेगळी माहिती एकत्र बांधणाऱ्या गाठोड्याच्या) आत अ‍ॅरे असायचा आणि त्याची लांबी प्रोग्रॅम चालू असताना ठरायची, म्हणजे स्ट्रक्ट केवढा होणार हे कंपाइल करताना कोणालाच माहीत नाही. जीसीसी हे चालवून घ्यायचं. क्लँगवाल्यांनी साफ सांगितलं की हे सीच्या स्टँडर्डमधे नाही, आम्ही करणार नाही. मग कर्नेल क्लँगनं बनवायला निघालेल्या एलएलव्हीएमलिनक्स नावाच्या प्रोजेक्टवाल्यांनी पॅच पाठवून पाठवून ते बदलून घेतलं, त्याजागी स्टॅकवर (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) जागा घेणारा मॅक्रो, म्हणजे कोडचा तयार तुकडा, आला. पुढे २०१८ मधे तर चालू असताना लांबी ठरणारे साधे अ‍ॅरेसुद्धा कर्नेलमधून काढून टाकले, कर्नेल ४.२० पर्यंत ते साफ झाले. ते मुख्यतः सिक्युरिटीसाठी झालं, कर्नेलचा स्टॅक एवढासा असतो, त्यात किती जागा लागणार हेच माहीत नसणं म्हणजे धोकाच. पण बघा, क्लँग स्ट्रक्टमधल्या ज्या प्रकाराला नाही म्हणत होता, त्याचाच हा साधा प्रकार मोठा भाऊ होता.

उलटंही झालंय आणि तेही सांगायला पाहिजे. असेंब्लीच्या तुकड्यातून थेट सीच्या लेबलवर उडी मारायची सोय जीसीसीत होती, तिला असम गोटो म्हणतात. कर्नेलमधे ट्रेसपॉइंट (आत काय चाललंय ते टिपायच्या जागा) बंद असताना त्यांचा खर्च जवळजवळ शून्य असतो तो याच्यामुळेच, कारण बंद असताना तिथे नुसतं काहीच न करणारं इन्स्ट्रक्शन असतं आणि चालू केलं की त्याजागी उडी लिहिली जाते. २०१८ मधे एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, ही सोय सक्तीची झाली आणि क्लँगकडे ती नव्हतीच, म्हणजे पीसीवरचं कर्नेल बनवायचा रस्ता बंद. इथे क्लँगला शिकावं लागलं, सप्टेंबर २०१९ मधे क्लँग ९ आलं तेव्हा ते त्यात होतं. दोघांनी एकमेकांना वाकवलं आणि दोघंही सुधारले, मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात आवडतं.

वॉर्निंगचं म्हणाल तर भाच्याला स्क्रीनवरच दाखवलं. एक छोटंसं फंक्शन लिहिलं, वर रेट नावाचं व्हेरिएबल नुसतं जाहीर केलेलं, त्यात इफच्या आत किंमत भरली, एल्समधे भरली नाही, आणि शेवटी रिटर्न रेट. क्लँग सांगतो की ही अट खोटी निघाली तर हे व्हेरिएबल कोरं राहतं, अटीच्या ओळीखाली खूण करतो आणि ते वापरलंय ती ओळही वेगळी दाखवतो. जीसीसीतही अशी वॉर्निंग आहे पण ती इतक्या ठिकाणी उगाच ओरडायची की २०२० मधे कर्नेल ५.७ च्या वेळी लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सनं ती नेहमीच्या बिल्डमधून बंदच करून टाकली. म्हणजे आता साध्या बिल्डमधे अशी चूक पकडायचं काम क्लँगकडे आहे.

आणि हे काही हौशी लोकांपुरतं नाहीये. २०१७ च्या पिक्सेल २ फोनमधलं ४.४ कर्नेल क्लँगनं बनवलेलं होतं, त्यानंतर अँड्रॉइडनं मागे वळून पाहिलं नाही. तुमच्या खिशात अलीकडचा अँड्रॉइड फोन असेल तर बहुतेक तुम्ही क्लँगचंच कर्नेल वापरताय.

करायचं कसं? क्लँग, एलएलडी (कोडचे तुकडे जोडणारा त्याचा लिंकर) आणि एलएलव्हीएम (क्लँग ज्यावर उभा आहे ते प्रोजेक्ट) ही तीन पॅकेजं टाका, आणि मेक या बिल्डच्या कमांडपुढे एलएलव्हीएम=१ (LLVM=1) लिहा, बास. ५.७ पासून ही सोय आहे, त्यानं कंपायलर, लिंकर, एआर, ऑब्जकॉपी सगळं एका फटक्यात बदलतं. फक्त ते प्रत्येक मेकला लिहायचं, मेनूकॉन्फिगला (कर्नेलमधे काय हवं ते निवडायच्या मेनूला) पण आणि मॉड्यूल्स इन्स्टॉलला पण, कारण कॉन्फिग, म्हणजे त्या निवडींची फाइलच, कंपायलर बघून बनते, मधेच विसरलात तर जीसीसीच्या हिशेबानं परत प्रश्न विचारायला लागेल. डिस्ट्रोची कॉन्फिग तशीच उचलली तर सगळं जग कंपाइल होत बसतं, त्यापेक्षा मेकला लोकलमॉडकॉन्फिग सांगा, त्यानं फक्त तुमच्या मशीनवर वापरात असलेली मॉड्यूल्स (कर्नेलचे सुटे तुकडे) राहतात, पण त्याच्या आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वायफाय सगळं एकदा जोडून घ्या, जे मॉड्यूल त्यावेळी लोड असेल तेच राहतं. मे महिन्यात इंदूरच्या दुपारी हे करू नका, लॅपटॉप तापला की आपोआप हळू होतो, रात्री लावून झोपा.

लिंक टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळे तुकडे जोडताना एकदम केलेली सुधारणा, हवं असेल तर ते ५.१२ पासून क्लँगसाठी आहे. यात ऑब्जेक्ट फायलींत मशीन कोड नसतोच, एलएलव्हीएमचा बिटकोड, म्हणजे अर्ध्या वाटेवरचा कोड, असतो आणि खरा कोड शेवटी लिंक करताना तयार होतो, म्हणून शेवटच्या पायरीला रॅम भरपूर खातं. याचे फुल आणि थिन असे दोन प्रकार आहेत, घरच्या लॅपटॉपवर फुलच्या नादी न लागता हलकं थिन घ्या. मी रॅम वाढवायला सिल्व्हर मॉलमधे गेलो तर दुकानदार म्हणाला, "भिया, गेम खेलते हो क्या?" कर्नेल बनवतो म्हटल्यावर त्यानं काही न विचारता दुसरी स्टिक पण काढून ठेवली.

बाहेरची मॉड्यूल्स मात्र सांभाळा. ग्राफिक्सचा किंवा वायफायचा ड्रायव्हर वेगळा बिल्ड होत असेल तर तोही क्लँगनंच झाला पाहिजे. नाहीतर कर्नेलनं ठरवून दिलेले क्लँगचे फ्लॅग जीसीसीच्या हातात जातात, रेटपोलाइनचाच (प्रोसेसरच्या स्पेक्टर नावाच्या खोटीपासून बचावाचा) घ्या, दोघांकडे त्याचं स्पेलिंग वेगळं आहे, आणि जीसीसी म्हणतं हा ऑप्शन मला ओळखीचा नाही. तिथे घाबरायचं काही नाही, त्या मॉड्यूलच्या मेकलाही तेच एलएलव्हीएम=१ द्यायचं. आणि ग्रबमधे, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूत, जुनं कर्नेल कायम ठेवायचं, ते काढायची घाई कधीच करू नका.

भाच्याला सगळ्यात जास्त पटलं ते रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरचं. जीसीसीत एआरएमसाठी वेगळा क्रॉस कंपायलर (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा) आणावा लागतो, क्लँगचा एकच बायनरी सगळ्या प्रोसेसरांसाठी कोड काढतो, ५.१५ पासून तर नुसतं आर्क=एआरएम६४ (ARCH=arm64) आणि एलएलव्हीएम=१ दिलं की काम होतं, क्रॉस कंपाइलचा प्रिफिक्सही लागत नाही. त्यानं तिथल्या तिथे त्याच्या पायसाठी बिल्ड लावला, आणि बूट झाल्यावर प्रॉक व्हर्जन (/proc/version, चालू कर्नेलची ओळख सांगणारी फाइल) वाचून दाखवलं, त्या एका ओळीत क्लँग आणि एलएलडी दोन्हीची नावं होती. आता त्याला रस्ट या भाषेत ड्रायव्हर लिहायचंय. रस्ट ६.१ पासून कर्नेलमधे आहे आणि रस्टचा कंपायलर स्वतः एलएलव्हीएमवरच उभा आहे, तेव्हा सीची बाजू क्लँगनं बांधलेली असली की दोन्हीकडे एकच टूलचेन राहतं. त्याला म्हटलं बाइंडजेन (सीचं कोड रस्टला वापरता येईल असं जोडून देणारं टूल) टाकून घे, पुढच्या रविवारी बसू.