रानटी आग आणि वाळूमाशीची लाळ

माझ्या मावशीला पेम्फिगस हा अंगावर फोड आणणारा आजार झाल्याचे निदान झाल्यापासून ती एकच प्रश्न विचारते : हे मला कशामुळे झाले? नातेवाइकांनी वांग्यापासून उपवासापर्यंत सगळ्यांना दोष देऊन पाहिला. ते ऐकवेना म्हणून मी वाचू लागले आणि ब्राझीलपर्यंत पोहोचले.

ब्राझीलच्या ग्रामीण भागांत पेम्फिगस फोलिएशियस हा याच आजाराचा एक प्रकार ठरावीक प्रदेशांतच पुष्कळ आढळतो. तिथे त्याला 'फोगो सेल्वाजेम', म्हणजे रानटी आग, म्हणतात, कारण रुग्णाच्या अंगाची अक्षरशः आग होते. मातो ग्रोसो दो सुल राज्यातील लिमाओ वेर्दे या तेरेना आदिवासींच्या वस्तीत सुमारे ३ टक्के लोकांना तो असल्याचे दिसून आले. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन-१ या प्रथिनावर शरीराचीच प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज, हल्ला करतात, पेशी सुटतात आणि अगदी वरच्या थरात फोड येऊन फुटतात.

पण शरीर स्वतःच्याच प्रथिनावर का उलटते? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, या रुग्णांची प्रतिपिंडे लुट्झोमिया लाँजिपाल्पिस या वाळूमाशीच्या लाळेतील एलजेएम-११ हे प्रथिनही ओळखतात. इतकेच नव्हे, तर हे प्रथिन टोचलेल्या उंदरांच्या शरीरात डेस्मोग्लीन-१ विरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. म्हणजे माशीच्या लाळेविरुद्ध उभी राहिलेली फौज चुकून घरावरच चालून जात असावी, असा तर्क त्यातून निघतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. वाळूमाशी वस्तीतल्या बहुतेकांना चावते आणि निरोगी माणसांतील अनेकांच्या रक्तातही डेस्मोग्लीन-१ विरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. मात्र ती त्या प्रथिनाच्या निरुपद्रवी टोकाला चिकटतात, तर रुग्णांची प्रतिपिंडे पेशींची पकड जिथे असते नेमक्या त्याच भागाला. हे वळण कोणाच्या शरीरात घेतले जाते, यात प्रतिकारशक्तीशी निगडित अशा विशिष्ट एचएलए जनुकांचा वाटा आहे. त्यामुळे केवळ चावा हे कारण पुरेसे नाही.

मावशीचा आजार पेम्फिगस व्हल्गॅरिस या दुसऱ्या प्रकारचा आहे, तोंडातील व्रणांपासून सुरू झालेला; त्यात मुख्य लक्ष्य डेस्मोग्लीन-३ हे वेगळे प्रथिन असते. लिमाओ वेर्देचे उत्तर तिला लागू पडत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. वांगी मात्र तिने पुन्हा आणायला सुरुवात केली आहे.