ऑगस्टची कॅरॅव्हॅन पिच आणि आईचं नाव वाढवण्याचे १५४ पौंड

१५४ पौंड. एका हॉलिडे पार्कच्या बुकिंगमध्ये माझ्या आईचं नाव वाढवायला वेबसाइटने मला एवढे पैसे मागितले होते, आणि ते प्रकरण मिटायला मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत वेळ गेला. गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची गोष्ट आहे पण अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. इंग्लंडमधे कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतलेली बरीच मराठी घरं आता माझ्या ओळखीची आहेत, त्यांना तरी उपयोग होईल.

आम्ही लेस्टरला राहतो, मुलं १० आणि ७ वर्षांची. सेकंडहँड ४ बर्थची कॅरॅव्हॅन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिच म्हणजे फक्त जागा. घर आपलं, गादी आपली, गॅस आपला, ते सगळं गाडीला जोडून आपणच ओढत न्यायचं आणि तिथे गवताचा किंवा खडीचा एक तुकडा, १६ अँपिअरचं विजेचं कनेक्शन, जवळपास नळ आणि सगळ्यांना मिळून एक टॉयलेट-शॉवर ब्लॉक, एवढ्याचं रात्रीचं भाडं. आईला वाईला फोनवर मी आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अगं, घर आपणच न्यायचं आणि वर अंगणाचे इतके पैसे?" मला उत्तर सुचलं नाही.

आकडे सांगते. नॉरफोकला हन्स्टंटनजवळची साइट, जूनमधे शाळा चालू असताना आठवड्याच्या मधल्या दिवसांचा दर २७ पौंड रात्रीला. तीच पिच, तोच नळ, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ५८. तेही जानेवारीत बुक केलं म्हणून. वर ऑगस्टमधे किमान ७ रात्री घ्याव्याच लागतात. म्हणजे ४०६ पौंड, त्यातले ६० डिपॉझिट लगेच भरायचे, ते परत मिळत नाहीत, बाकीचे पोचायच्या २८ दिवस आधी. जूनच्या त्या २७ च्या दराने सात रात्रींचे १८९ च झाले असते.

मग जूनमधे का नाही गेलात असं इथे नवीन आलेले लोक विचारतात. शाळा. इंग्लंडमधे टर्म चालू असताना परवानगीशिवाय मुलांच्या ५ दिवस शाळा बुडल्या की दंड लागू शकतो आणि ऑगस्ट २०२४ पासून तो ६० वरून ८० पौंड झालाय, प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला, आणि २१ दिवसात नाही भरला तर १६०. आमचे दोन पालक दोन मुलं, म्हणजे ३२० पौंड. एकच मूल असलेले काही जण सरळ हिशोब करतात की १६० दंड भरला तरी सुट्टी स्वस्तच पडते. मी ते करणार नाही. एक तर ३ वर्षात दुसऱ्यांदा सापडलात तर सरळ १६० लागतात आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, २०१७ मधे आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांची केस पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि ते हरले. आणि दुसरं म्हणजे मुलांना शिक्षकांसमोर खोटं बोलायला शिकवायचं माझ्या मनाला पटत नाही.

तर जानेवारीत बुकिंग झालं, त्यात काही अडचण आली नाही, दहा मिनिटात झालं. दोन मोठी, दोन लहान. आईचं नाव तेव्हा टाकलं नव्हतं कारण तिचा व्हिसाच झाला नव्हता, अर्जसुद्धा केला नव्हता. एप्रिलच्या शेवटी व्हिसा आला आणि मी आनंदात संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसले, की आता आईचं नाव टाकून टाकू. मोठ्या माणसांच्या रकान्यात २ चे ३ केले आणि खाली टोटल बदलली. ५६०.

मला वाटलं काहीतरी चुकलं. परत मागे गेले, परत केलं, परत ५६०. मग कागद घेऊन बसले तेव्हा कळलं. जास्तीच्या माणसाचे रात्रीला ६ पौंड, ७ रात्रींचे ४२, ते ठीक आहे, ते मला मान्यच होतं. पण सिस्टिमने पूर्ण बुकिंगच नव्याने मोजलं होतं, त्या दिवशीच्या दराने. जानेवारीत ५८ ची असलेली पिच मे मधे ७४ ची झाली होती, सात गुणिले ७४ म्हणजे ५१८, त्यात ४२. पिच तीच, तारखा त्याच, एक ६८ वर्षांची बाई जास्त, तर १५४ पौंड!

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लंच ब्रेकमधे फोन लावला. ५० मिनिटं तीच ट्यून. शेवटी एक मुलगी आली, आवाजाने चांगली होती, पण तिचं एकच, कोणताही बदल केला की सिस्टिम आजचा दर लावते. मी म्हणलं अहो मी तारीख बदलत नाहीये, पिच बदलत नाहीये. ती म्हणाली हो पण हा बदलच आहे. मी विचारलं की हे नियमात कुठे लिहिलंय, तर म्हणाली वेबसाइटवर बघा. रात्री मुलं झोपल्यावर मी अटी-शर्तींची सगळी पानं वाचली. त्यात स्वच्छ लिहिलेलं की तारीख किंवा पिचचा प्रकार बदलला तर आजचा दर लागेल. माणसांबद्दल वेगळी ओळ होती, जास्तीची व्यक्ती ६ पौंड प्रति रात्र. बस. त्या दोन्ही ओळींचे स्क्रीनशॉट काढले, जानेवारीतली पावती जोडली आणि ईमेल केली.

लगेच आपोआप उत्तर आलं की १० कामकाजाच्या दिवसात कळवू. मी थांबले. हे थांबणं फार वाईट होतं कारण रोज रात्री मी त्याच आठवड्याचा दर उघडून बघायचे आणि तो चढत होता, ७४ चा ७६ झाला, मग ७९. म्हणजे मी जितके दिवस उत्तराची वाट बघणार तितका माझाच फरक वाढणार, ७९ ने मोजलं तर १५४ चे १८९ झाले होते. विमानाच्या तिकिटासारखं चालतं हे, जागा भरत आल्या की दर वाढतो, ते समजू शकते, पण माझी जागा तर जानेवारीतच भरली होती ना? ती दुसऱ्या कुणाला विकायचीच नव्हती.

बाराव्या दिवशी उत्तर आलं, फोनवर त्या मुलीने सांगितलेलं तेच वाक्य, शब्दाला शब्द. माझ्या स्क्रीनशॉटबद्दल एक अक्षर नाही. मी परत लिहिलं, परत तेच आपोआप उत्तर, परत १० दिवस.

या काळात घरात दोन सल्ले मिळाले. नवरा म्हणाला भरून टाक, तुझी झोप जातीये. आणि एका मैत्रिणीने सांगितलं की अगं सांगतेस कशाला, घेऊन जा गुपचूप, कोण मोजतंय. हे मात्र कुणी करू नका. साइटवर आगबिग लागली तर कोणत्या पिचवर किती माणसं आहेत हे त्यांना माहीत असावं लागतं, दोन कॅरॅव्हॅनच्या मधे ६ मीटर अंतर ठेवायला लावतात ते त्याच भीतीने. आणि माझी आई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे येणार, तिला मी गेटवर मान खाली घालून बसवणार? पैसे भरायचे तर योग्य तेवढे भरीन, पण आईला चोरून नेणार नाही, हे मी नवऱ्याला त्या दिवशी जरा मोठ्या आवाजातच सांगितलं.

सुटलं कसं ते सांगते. बुकिंगच्या ईमेलमधे अगदी खाली, रस्ता कसा यायचा त्या माहितीत, रात्री उशिरा पोचणाऱ्यांसाठी साइटच्या स्वतःच्या रिसेप्शनचा नंबर होता. हेड ऑफिसचा कॉल सेंटरवाला नाही, तिथला. जूनच्या मधल्या एका मंगळवारी सकाळी ११ वाजता मी तो लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. वयाने मोठ्या वाटणाऱ्या बाई होत्या, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुम्ही माणूस वाढवू नका, एक्स्ट्रा म्हणून घ्या, आम्ही ऑनिंग (कॅरॅव्हॅनला जोडायचा तंबू) वाढवतो तसं. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक्स्ट्राच्या यादीत ऑनिंग, कुत्रा, दुसरी गाडी आणि जास्तीची व्यक्ती असं सगळं वेगळं होतं, ते टाकलं की मूळ दराला हात लागत नाही. ४२ पौंड. फोन ठेवेपर्यंत ईमेल आली होती, एकूण ४४८, आईच्या नावासकट. चार मिनिटं लागली असतील. सहा आठवडे गेले आणि चार मिनिटात झालं. मी गाडीत बसले होते, तशीच बसून राहिले थोडा वेळ, मग आधी आईला फोन केला.

म्हणून पहिलं सांगणं हेच, काहीही वाढवायचं असेल तर वेबसाइटवर आकडा बदलू नका, साइटचा स्वतःचा नंबर शोधा, सकाळी ११ च्या सुमाराला करा, शनिवारी करू नका कारण तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी असते. बुकिंग करताना दराचा आणि अटींचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

त्या बाईंशी ऑगस्टमधे प्रत्यक्ष बोलणं झालं तेव्हा भाववाढीचं विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांचा कमाईचा काळ म्हणजे शाळेच्या सुट्टीचे सहा आठवडे, बाकी वर्षभर गवत कापायचंच असतं. किमान पगार एप्रिल २०२५ मधे तासाला ११.४४ वरून १२.२१ झाला, नोकरांमागे मालकाने सरकारला भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला, वीज २०२२ पासून महागलीये, आणि आपण भरतो त्यात २० टक्के व्हॅट असतोच. हे मला पटलं. पण यातली एकही गोष्ट आईचं नाव वाढवल्यामुळे होत नाही.

आता एक जे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, लेस्टरच्या लोकांसाठी. आपल्याकडे शाळा बाकी इंग्लंडच्या साधारण आठवडाभर आधी सुटतात, जुन्या कारखान्यांच्या सुट्ट्यांपासूनची पद्धत आहे. त्या आठवड्यात बहुतेक साइटचा दर अजून चढलेला नसतो. ऑक्टोबरच्या हाफ टर्मचंही (टर्मच्या मधली आठवड्याची सुट्टी) तसंच, आपली सुट्टी बऱ्याचदा इतरांच्या आधी येते. आम्हाला गेल्या वर्षी जमलं नाही कारण नवऱ्याला रजा ऑगस्टचीच मिळाली, पण ज्यांना जमतं त्यांनी सोडू नका. स्कॉटलंडला उलट, तिथल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला परत सुरू होतात, त्यामुळे ऑगस्टचा शेवट तिकडे बघा.

आणि पाच कॅरॅव्हॅनच्या छोट्या साइट असतात, शेतकऱ्यांच्या, कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबचं सभासद असलं की मिळतात. तिथे पाचच्या वर कॅरॅव्हॅन ठेवता येत नाहीत. आम्ही ज्या दोन बघितल्या तिथे बारा महिने एकच दर होता, सुट्टी असो नसो. पण टॉयलेट-शॉवर बऱ्याच ठिकाणी नसतात, आपल्या कॅरॅव्हॅनमधलं वापरायचं आणि कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची मैल्याची टाकी, स्वतः रिकामी करायची. आई त्याला तयार होणार नव्हती आणि मी तिला म्हणणारही नव्हते, म्हणून मोठी साइट घेतली. फक्त तुम्ही दोघं आणि मुलं असाल तर आधी ह्याच बघा.

९ ऑगस्टच्या शनिवारी गेलो. ए-४७ ने पीटरबरो, किंग्ज लिन करत, मागे कॅरॅव्हॅन असली की मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैलांच्या वर जाता येत नाही त्यामुळे आरामात. नवरा आणि मुलगा ऑनिंगमधे झोपले, आई, मी आणि धाकटी आत. हन्स्टंटन पूर्व किनाऱ्यावर असून पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे सूर्य समुद्रात मावळतो. आई लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कड्याखाली खुर्ची टाकून रोज संध्याकाळी बसायची.

या जानेवारीत पुढचं बुकिंग करताना मी सरळ ३ मोठी, २ लहान असं टाकलंय. आईचं यायचं अजून नक्की नाहीये. ती नाही आली तर माणूस कमी करताना दर परत मोजणार का, हे मात्र बुकिंगच्या आधीच फोन करून विचारलं, आणि नाही मोजणार असं ईमेलवर लिहून घेतलं.