गिकोंबाच्या बाजारात
आज नैरोबीच्या गिकोंबा बाजारात बराच वेळ रेंगाळलो. युरोप-अमेरिकेत वापरून टाकलेले कपडे गाठोडी बांधून इथे येतात. इथे त्यांना मितुंबा म्हणतात. एका टपरीत विशीतली एक मुलगी कुठल्याशा अमेरिकी विद्यापीठाचे नाव छापलेल्या जॅकेटच्या बाह्या उसवून त्या जागी भडक नक्षीचे कितेंगे कापड शिलाई मशीनवर जोडत होती. छापील नावाला मात्र तिने हात लावला नव्हता, कारण गिऱ्हाइकाला तेही हवे असते.

आफ्रिकी तरुण पाश्चात्त्यांची नक्कल करतात, असे आपल्याकडे (पुण्यात बसून) सहज म्हटले जाते. पण निव्वळ नक्कलच करायची असती तर बाह्या उसवण्याचे कारण नव्हते. अर्थात, या आयातीचा केनियाच्या कापडगिरण्यांना फटका बसला, हेही नाकारता येत नाही.

शेजारच्या पोरांशी ती शेंग बोलीत बोलत होती. स्वाहिलीच्या चौकटीत इंग्रजी, किकुयू, लुओ असे मिळतील ते शब्द सामावून घेणाऱ्या या बोलीने, आडनावावरून जमात ओळखली जाणाऱ्या देशात, शहरी तरुणांना एक सामाईक ओळख दिली आहे. जून २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली हीच पिढी स्वतःला जमातीविना, नेत्याविना लढणारी म्हणवत होती आणि करांच्या तरतुदी टिकटॉकवर स्थानिक भाषांत समजावून सांगत होती. त्या आंदोलनात अनेकांचे प्राण गेले, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष रुटो यांना सही न करताच विधेयक मागे घ्यावे लागले.