तुम्ही विचारलंत म्हणून: मी नक्की कशाची डॉक्टर?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीच्या पाटीवर माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेले आहे. त्या एका अक्षरामुळे आजवर रात्री-अपरात्री तापाने फणफणलेली मुले, छातीत कळ आलेले आजोबा आणि एकदा तर कुत्रा चावलेला दूधवाला माझ्या दारात येऊन उभा राहिला आहे. मी औषध देणारी डॉक्टर नाही, पीएच.डी. आहे, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुम्ही नक्की कशाच्या डॉक्टर?" अणुभौतिकीच्या, हे खरे उत्तर दिले तर कोणीतरी म्हणते, "पण तुम्ही तर मिरजेला घशाच्या दवाखान्यात होता ना?" तेवढ्यात आणखी कोणाला आठवते की नंतरची कित्येक वर्षे मी डीएनए तपासत होते. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर माझ्यासमोर 'एक ना धड' एवढेच म्हणून सुस्कारा सोडला आणि उरलेली म्हण माझ्यावर सोपवली.

या प्रश्नाला माझ्याकडे दोन तयार उत्तरे होती आणि दोन्ही मी अनेक व्यासपीठांवरून दिली आहेत. ती आता मला पटत नाहीत, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले उत्तर असे, की विषय बदलणे हा काही गुन्हा नाही. होमी भाभांनी 1962 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे अणुशास्त्रज्ञांच्या घरातच, रेण्वीय जीवशास्त्राची, म्हणजे सजीवांतल्या डीएनएसारख्या रेणूंच्या अभ्यासाची, चूल मांडली आणि ती ओबेद सिद्दीकींच्या हाती दिली. सिद्दीकींचे नाव भाभांना सुचवणारे लिओ झिलार्ड हे तर अणूच्या साखळी अभिक्रियेची कल्पना 1933 मध्ये मांडणारे गृहस्थ, आणि युद्धानंतर तेही जीवशास्त्राकडेच वळले होते. हे सगळे खरे आहे. पण मी पीएच.डी.साठी त्याच कुलाब्याच्या आवारात पेलेट्रॉन या कण-त्वरकावर काम करत होते, तेव्हा सिद्दीकींच्या गटातली मुले आमच्याच कॅन्टीनमध्ये जेवत असत आणि आम्ही त्यांना 'माशीवाले' म्हणत असू, कारण ती फळमाशांवर प्रयोग करत. माशी कशाकडे उडते हे बघण्यात कसले आले विज्ञान, असे मीच म्हटलेले मला चांगले आठवते. त्यामुळे झिलार्डच्या मागे लपण्याचा मला फारसा अधिकार नाही.

अणुभौतिकी सोडण्याचे कारण मी नेहमी सासूबाईंचे आजारपण असे सांगत आले. त्या आजारी होत्या आणि मी सांगलीला परतले, यात खोटे काही नाही. पण त्याआधी चार महिने, थोरियमच्या पातळ पत्र्यावर आयनांचा झोत सोडून फुटणाऱ्या अणुकेंद्रांचे तुकडे कोणत्या कोनात किती जातात याची जी मोजणी मी दोन वर्षे करत होते, तीच परदेशातल्या एका गटाने माझ्यापेक्षा बारकाईने करून छापली होती. प्रबंध मंजूर झाला, पदवी मिळाली, पण पुढच्या बीम टाइमसाठी, म्हणजे त्या यंत्रावरच्या पुढच्या पाळीसाठी, अर्ज भरायला माझा हात धजला नाही. सासूबाईंनी मला सुटकेची वाट दिली, असे म्हटले तर त्यांच्या आत्म्याला क्लेश होणार नाहीत. त्या फार समंजस होत्या.

दुसरे उत्तर जास्त गाजलेले आहे, आणि तेच जास्त अडचणीचे आहे. ते म्हणजे मिरजेतली एक लहान मुलगी.

मिरजेच्या मातीला आवाज नवा नाही. इथे तंबोरे घडतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे बरेच आयुष्य इथे गेले. त्यामुळे गळ्याची नाजूक शस्त्रक्रिया करणाऱ्या एका सर्जनना आवाज 'मोजणारे' कोणीतरी हवे आहे, असे 1997 मध्ये कळले तेव्हा मला ते अगदी स्वाभाविक वाटले. स्वरपट्ट्या मोठ्या स्त्रीच्या गळ्यात सेकंदाला साधारण 200 वेळा उघडतात-मिटतात, लहान मुलांत त्याहूनही जास्त. एका कंपनाची लांबी पुढच्या कंपनाशी किती जुळते, त्यांच्या जोरात किती फरक पडतो, हे सगळे आकड्यांत पकडता येते. मला आकडे पकडता येत होते. सर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्ण माझ्याकडे पाठवत, आणि मी माइकसमोर त्याला लांब 'आ' म्हणायला लावून जिटर (कंपनांच्या लांबीतला फरक), शिमर (जोरातला फरक) आणि दम किती सेकंद टिकतो ते लिहून देत असे.

ती मुलगी सात वर्षांची होती, जत तालुक्यातली. तिच्या स्वरपट्ट्यांवर पॅपिलोमा होते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे बारीक बारीक मोड. हा आजार कर्करोग नव्हे, पण तो पुन्हा पुन्हा उगवतो आणि लहान मुलाची श्वासनळी मुळातच इतकी अरुंद असते की मोड वाढले तर आधी आवाज जातो आणि मग श्वास अडतो. पूर्ण भूल देऊन, तोंडातून धातूची नळी घालून, सूक्ष्मदर्शकातून बघत सर ते मोड काढत, आणि खालच्या नाजूक थराला धक्का लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत, कारण तो थर खरवडला गेला की मोड गेले तरी आवाज परत येत नाही. तिची ही चौथी शस्त्रक्रिया होती. आधी तिचा 'आ' जेमतेम तीन सेकंद टिकत असे आणि त्यात आवाजापेक्षा वाराच जास्त. सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा नऊ सेकंद टिकला. मी तिला बेचा पाढा म्हणायला सांगितला. बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत तिने तो एका दमात, शाळेत म्हणतात तसा हेल काढून म्हटला आणि संपल्यावर माझ्याकडे असे पाहिले, की आता शाबासकी काढा. जिटर एक टक्क्याच्या आत होता. सगळे आकडे निरोगी मुलाचे होते.

बाहेरच्या बाकावर तिची आई बसली होती. तिने विचारले, "मॅडम, आता परत आणावं लागणार नाही ना हिला?"

मी म्हणाले, "अहो, आवाज अगदी स्वच्छ आहे. आता काळजी करू नका."

केस पेपरवर सरांनी दोन महिन्यांनंतरची तारीख लिहिलेली होती. मी डॉक्टर नव्हते, तिला येऊ नका असे मी म्हटले नव्हते, आणि तारीख पाळायला सांगणे हे माझे काम नव्हते. हे तिन्ही मुद्दे मी मनातल्या मनात इतक्या वेळा मांडले आहेत, की ते आता पाढ्यासारखेच पाठ झाले आहेत. दोघा मायलेकींचे जाण्यायेण्याचे भाडे आणि दिवसभराची बुडालेली मजुरी एका पारड्यात होती आणि माझे वाक्य दुसऱ्या पारड्यात पडले. ती आली नाही. साडेचार महिन्यांनी एका रात्री मुलीला जीपमधून आणले, तेव्हा श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. गळ्याला बाहेरून छिद्र पाडून नळी बसवावी लागली. या आजारात ही नळी शक्यतो टाळतात, कारण मोड तिच्या वाटेने श्वासनळीत खाली उतरू शकतात. नळी असेपर्यंत बोलायचे तर बोटाने छिद्र दाबून बोलावे लागते. सकाळी मी पोचले, तेव्हा आई त्याच बाकावर होती. ती मला काहीच म्हणाली नाही. 'मॅडम, चहा घेतला का,' एवढेच विचारले.

सरांनीही मला कधी बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागले. कारण ही चूक माझ्या अडाणीपणाची नव्हती. पेलेट्रॉनवर पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट मी विसरले होते. शोधकात एकही नोंद आली नाही, तर 'तिथे काही नाही' असे लिहायचे नसते. शून्य मोजणीवरून 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की खरी सरासरी 3 पेक्षा कमी असावी. प्रबंधात माझ्या एका आलेखावर अशा तीन शून्यांना मी खाली वळणारे बाण काढले होते. आणि सात वर्षांच्या मुलीच्या गळ्याबद्दल मात्र मी 'स्वच्छ' म्हणून मोकळी झाले. माझे यंत्र स्वरपट्टीचे कंपन मोजत होते, विषाणू नव्हे. हा आजार मानवी पॅपिलोमा विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतो, आणि मोड काढल्यावर शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही विषाणू गपचूप राहतो, हे 1983 मध्येच छापून आले होते. मी ते वाचले नव्हते, कारण मी आवाज मोजणारी होते.

म्हणून मी रेण्वीय जीवशास्त्राकडे वळले, असे मी सांगत आले. सत्कारसमारंभात हे वाक्य आले की सभागृह शांत होते, आणि मला ती शांतता आवडू लागली होती, हेही कबूल करते. पण वयाच्या सदतिसाव्या वर्षी पुण्याला प्रशिक्षणासाठी जाताना माझ्या मनात विषाणू किती आणि तो बाक किती, याचा हिशेब मला आजही जमत नाही. त्या व्हरांड्यातून रोज जाणे मला नकोसे झाले होते. आवाजाच्या कामाला पैसे मिळणेही बंद होत आले होते. अणुभौतिकीतून मी सासूबाईंच्या आडून निघाले, तशी इथून त्या मुलीच्या आडून निघाले नसेन, असे छातीठोकपणे कसे सांगू?

पुण्यात विशीतल्या मुलांच्या रांगेत बसून मी मायक्रोपिपेट धरायला शिकले. पहिल्या महिन्यात मला एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त येत होती. किरणोत्सारी फॉस्फरस-32 लावलेले डीएनए हाताळताना एक मुलगा मोठ्या हौसेने शिशाची वीट पुढे ठेवत होता, तेव्हा मी त्याला ती काढून अ‍ॅक्रिलिकचा जाड पडदा लावायला लावला, कारण त्याचे बीटा कण शिशात अडले की उलट क्ष-किरण निघतात. तेवढ्यापुरती मी पुन्हा अणुभौतिकीची डॉक्टर झाले होते. बाकी सगळे नव्याने शिकावे लागले. पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीच्या 30 आवर्तनांत डीएनएच्या एका तुकड्याचे कागदोपत्री 100 कोटींहून अधिक तुकडे होतात, त्यामुळे हवेतला, हातमोज्यावरचा एखादा कणही खोटा होकार देतो. नमुन्याऐवजी नुसते पाणी घातलेल्या नळीतून पट्टी, म्हणजे होकाराची खूण, उमटली, की सगळा दिवस वाया. मोजणी सुरू करण्याआधी स्रोत बाजूला ठेवून पार्श्वभूमी मोजणे, हे तर मला मुंबईतच शिकवले होते. आधी असलेले दिसत नव्हते म्हणून चुकले, आता नसलेले दिसते म्हणून चुकत होते.

नंतरच्या वर्षांत आम्ही मिरजेहून आलेल्या मोडांचे तुकडे तपासून 6 की 11 हे सांगत असू. 11 निघाला तर आजार बहुधा जास्त चिवट निघतो, एवढे सरांना त्यावरून कळे. शस्त्रक्रिया तीच राही. आता पुण्यातच तयार झालेल्या, 2023 मध्ये बाजारात आलेल्या लसीत हे दोन्ही प्रकार आहेत. ऑस्ट्रेलियात 2007 पासून मुलींना अशी लस दिल्यावर लहान मुलांतला हा आजार फार कमी झाला. या कामात माझा वाटा काहीच नाही, आणि माझे विषय ज्यांना मोजायचे असतील त्यांनी हेही मोजावे.

त्या मुलीची नळी चौदा महिन्यांनी निघाली. त्यानंतरही ती शस्त्रक्रियेसाठी अनेकदा येत राहिली.

तिच्या त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट माझ्याकडे आहे. जुना टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा भाच्याकडून मी ती मुद्दाम संगणकावर चढवून घेतली, आणि वर्षातून एकदोनदा ऐकते. आधी 'आ' येतो, मग माझा 'हं, आता पाढा' असा आवाज, मग बे एके बे. त्या वेळी जे निसटले ते कुठे होते, हे आज माहीत असूनही बे दाहे वीसपर्यंत मला त्या आवाजात काहीही सापडत नाही.