नव्वदीच्या आत

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसखाली पत्रा कापतात त्या कारखान्यात, आवाज मोजायला गेलो होतो. पहिला घोटाळा माझाच झाला. मीटर बरोबर मोजतो का ते तपासायचा कॅलिब्रेटर चालूच होईना. आतली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मेलेली. समोरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून नवी आणली आणि कॅलिब्रेटर मीटरच्या माइकवर बसवला. तो ९४ डेसिबलचा एकच सूर काढतो. मीटरने दाखवले ९२.६.

शेजारी उभा असलेला तरुण सुपरवायझर हसला. "सर, तुमचा पण खोटंच बोलतोय की!"

बोलत होताच. छोट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ९४.० वर आणला आणि आधीचा आकडाही वहीत लिहून ठेवला.

त्याने खिशातून फोन काढला. फुकटचं ॲप होतं, मोठी गोल डायल, हिरवा-पिवळा-लाल पट्टा. "आम्ही रोज बघतो. नव्वदीच्या वर जातच नाही." आणि कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल. त्यामुळे कानात घालायच्या प्लगचा डबा कपाटात, सीलबंद.

"चला, दोन्ही बरोबर घेऊन फिरू," मी म्हणालो.

दारापाशी मीटर ७९, फोन ७८. त्याने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मधल्या बोळात मीटर ९१, फोन ८८. मग शंभर टनी प्रेसपाशी गेलो. पत्र्याचं ब्लँकिंग, म्हणजे डाय या साच्यात पत्र्याचे तुकडे कापणं, चालू होतं, प्रत्येक ठोक्याला पायाखालची जमीन हलत होती. मीटर ९८, ९९, ९८. फोन ८९. मी त्याला खुणेनेच म्हटलं, अजून पुढे ये. तो दोन पावलं सरकला. मीटर १०१. फोन ८९. डायल जागची हलली नाही. पोरगा फोनकडे बघतो, मीटरकडे बघतो, मग फोन हातावर आपटून बघतो.

बाहेर आल्यावर समजावलं. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो. आवाज फार मोठा झाला की फोन तो आतल्या आत दाबतो, पलीकडच्याचा कान फुटू नये म्हणून. त्या दाबलेल्या आवाजावरच ॲप आकडा काढतं. शिवाय हा ठोक्याचा आवाज. क्षणात येतो, क्षणात जातो. म्हणजे फोन शांत जागी बरा चालतो आणि मोजायची खरी गरज असते नेमकं तिथेच अडून बसतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं एक बरं ॲप आहे, पण ते आयफोनसाठी काढलेलं. अँड्रॉइडचे फोन इतक्या तऱ्हेचे, की सगळ्यांना एक माप लागू करणंच अवघड. कॅलिब्रेटर बसवावा तर फोनला त्या भोकात जाईल असा माइकही नाही.

ऑपरेटरच्या कानाजवळ मीटर ट्रायपॉडवर लावून पाऊण तास ठेवला. सरासरी निघाली ९७. नियमाने ९५ ला चार तास, १०० ला दोन; म्हणजे ९७ ला जेमतेम तीन. ऑपरेटर काका तिथे आठ तास उभे असतात, बाविसावं वर्ष चालू आहे.

कपाटातला डबा उघडून सुपरवायझरने त्यांना प्लग दिले. "काका, आजपासून घालायचे हां."

"काय?"

त्याने हाताने कान दाखवला. काकांनी प्लग चिमटीत धरून उलटसुलट पाहिले. नंतर माझ्याकडे वळून, प्रेस बंद असतानाही ओरडूनच म्हणाले, "साहेब, हे घातलं तर डाय बोलते ते ऐकू कसं येणार? पत्र्याच्या काठाला बर, म्हणजे खरखरीत कड, यायला लागली की ठोका बदलतो. तो कानानेच कळतो आम्हाला."

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी मीटर काढला, पुन्हा कॅलिब्रेटर बसवला. ९३.९. तेही लिहिलं.